अदब : यजमान, शिस्त आणि साहित्य

उर्दू, सिंधी आणि काश्मिरी या भारतीय भाषांत आपण ज्याला साहित्य म्हणतो त्याला 'अदब' असे म्हणतात. हा शब्द मराठी वाचकालाही परका नाही. वडीलधाऱ्यांशी अदबीने बोलावे, भरल्या सभेत अदब राखावी, कोणाची बेअदबी करू नये, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु मराठीतील अदब म्हणजे साहित्य नव्हे; ती वागण्याची एक रीत आहे. एका भाषेत ज्या शब्दाने काव्य, कथा आणि निबंध यांचा सारा विस्तार दाखवावा, त्याच शब्दाने शेजारच्या भाषेत मान लववून उभे राहण्याची पद्धत दाखवावी, हा निव्वळ योगायोग नव्हे. मूळ अरबी शब्दाच्या पोटात हे दोन्ही अर्थ कित्येक शतके एकत्र नांदत होते. ते एकत्र कसे आले, वेगळे कसे झाले आणि वेगळे झाल्यावर काय घडले, याचा विचार करताना शब्दाच्या व्याकरणाकडे प्रथम पाहावे लागते. कारण या शब्दाच्या इतिहासातील पहिला वाद व्याकरणाचाच आहे.

अरबी भाषेत बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन व्यंजने असतात. संस्कृतातील धातूप्रमाणे हे मूळ उच्चारण्याजोगे नसते; त्यात स्वर भरले, आधी किंवा मागे काही वर्ण जोडले, की शब्द तयार होतो. हे स्वर मनास येतील तसे भरता येत नाहीत. त्यांचे साचे ठरलेले आहेत आणि प्रत्येक साच्याला साधारणपणे ठरलेला अर्थ आहे. 'अदब'चे मूळ हम्झा, दाल आणि बा या तीन वर्णांचे आहे. हम्झा म्हणजे कंठात श्वास क्षणभर अडवून सोडल्याने होणारे व्यंजन. देवनागरीत त्याला स्वतंत्र चिन्ह नाही. आपल्या कानाला तेथे केवळ स्वर ऐकू येतो. या दुर्बल दिसणाऱ्या वर्णाने पुढे बराच घोटाळा केला, म्हणून त्याची ओळख आरंभीच करून घेतलेली बरी.

या मुळापासून निघणारी रूपे मराठी वाचकाला वाटतात तितकी अनोळखी नाहीत, कारण त्यांचे साचे आपल्या बोलण्यात आधीच आलेले आहेत. वकील, हकीम, वजीर, अमीर हे शब्द ज्या साच्याचे, त्याच साच्याचा 'अदीब' : ज्याच्या अंगी अदब आहे तो, आज, साहित्यिक. अमीराचे अनेकवचन 'उमरा', ज्याचा आपण 'उमराव' केला. त्याच धर्तीवर अदीबाचे अनेकवचन 'उदबा'. तालीम, तहसील, तपशील, तजवीज आणि तसबीर ही क्रियेची नावे आहेत. मूळ धातूला जोर देऊन, 'करवणे' किंवा 'घडवणे' असा भाव त्यात आणून, ती साधली जातात. याच घडणीचे 'तादीब' हे रूप. त्याचा अर्थ अदब लावणे, वळण लावणे. अजान देणारा तो मुअज्जिन, तसा अदब शिकवणारा तो 'मुअद्दिब'. ज्याने ती शिस्त स्वतःच्या अंगी बाणवली तो 'मुतअद्दिब'. आणि या कुळातच, पण काहीसे बाजूला बसलेले, दोन शब्द आहेत : 'मअदुबा' म्हणजे मेजवानी आणि 'आदिब' म्हणजे मेजवानीला बोलावणारा यजमान.

मेजवानी आणि सद्वर्तन यांचे नाते काय? जुन्या अरबी कोशकारांनी या प्रश्नाचे उत्तर सरळ दिले आहे. दहाव्या शतकातील इब्न फारिस याने आपल्या कोशात प्रत्येक मुळाचा एक किंवा मोजके गाभ्याचे अर्थ शोधण्याचा प्रयत्न केला. 'अदब'च्या मुळाचा गाभा त्याला लोकांना आपल्या अन्नाकडे बोलावून एकत्र करण्यात दिसला. तेराव्या शतकाच्या अखेरीस 'लिसान अल्-अरब' हा प्रचंड कोश पूर्ण करणाऱ्या इब्न मंजूरनेही हीच दिशा धरली. मूळ अर्थ बोलावणे. यजमान लोकांना अन्नाकडे बोलावतो आणि अदब लोकांना स्तुत्य आचरणाकडे बोलावते, म्हणून तिला हे नाव, असा त्याचा आशय आहे.

या व्युत्पत्तीला काव्यातला आधारही आहे. सहाव्या शतकातील, म्हणजे इस्लामपूर्व काळातील, तरफा इब्न अल्-अब्द या कवीच्या एका प्रसिद्ध कवितेत 'आदिब' हा शब्द यजमान याच अर्थी येतो. हिवाळ्याच्या टंचाईत आमचा यजमान पाहुण्यांची निवड करीत नाही, तो सरसकट सर्वांना बोलावतो, असा कवीचा अभिमान आहे. अरबीत या दोन प्रकारच्या आमंत्रणांना स्वतंत्र नावे आहेत. सर्वांना खुले असलेले ते 'जफला' आणि निवडक माणसांना नावाने केलेले ते 'नकरा'. वाळवंटातील टोळीजीवनात हा भेद केवळ शिष्टाचाराचा नव्हता. टंचाईच्या दिवसांत कोणाला बोलावले आणि कोणाला वगळले, यावर माणसाचे जगणे अवलंबून असे. ही दोन नावे वाचकाने ध्यानात ठेवावीत, कारण 'अदब'च्या पुढील इतिहासाकडे पाहताना त्यांचा उपयोग होतो.

कोशकारांची ही उपपत्ती सुंदर आहे. परंतु सौंदर्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय अरबी पंडितांनी वेगळी वाट सुचवली. जर्मन विद्वान कार्ल फोलर्स (१८५७–१९०९) आणि त्यांच्यामागून इटालियन विद्वान कार्लो अल्फोन्सो नाल्लीनो (१८७२–१९३८) यांच्या मते 'अदब' हा मुळात स्वतंत्र शब्दच नव्हे. तो 'दअब' या शब्दाच्या अनेकवचनातून मागाहून निपजला. 'दअब' म्हणजे रीत, सवय, वहिवाट. हा शब्द कुराणात आहे. फिरऔनाच्या लोकांची 'रीत' सांगताना तो एकाहून अधिक ठिकाणी येतो. 'अदब' मात्र कुराणात कोठेही नाही.

ही उपपत्ती समजून घेण्यासाठी अरबी अनेकवचनाची घडण पाहिली पाहिजे. अरबीत पुष्कळ नामांचे अनेकवचन शब्दाला प्रत्यय लावून होत नाही, शब्द आतून मोडून होते. म्हणून वैयाकरण त्याला 'मोडलेले अनेकवचन' म्हणतात. त्याचा एक फार प्रचलित साचा असा : आधी 'अ' येतो, मग पहिली दोन व्यंजने जोडून येतात, मग 'आ' आणि शेवटी तिसरे व्यंजन. खबर याचे अखबार, हाल याचे अहवाल, सबब याचे असबाब, वक्त याचे औकात. या साच्यात 'दअब' घातला की 'अद्आब' असे रूप मिळते. दालाला लागून कंठातला हम्झा उच्चारणे जिभेला अवघड. बोलणाऱ्यांनी हम्झा पुढे ओढला, तो आरंभीच्या 'अ'त मिसळून दीर्घ झाला आणि 'अद्आब'चे 'आदाब' झाले. ही अदलाबदल कल्पनेतली नाही. 'बिअ्र' म्हणजे विहीर, तिचे 'अब्आर' आणि 'आबार'. 'रअय' म्हणजे मत, त्याचे 'आरा'. 'रिअ्म' म्हणजे पांढरे हरीण, त्याचे 'आराम'. तिन्ही ठिकाणी अगदी हेच घडलेले आहे.

खरी मौज पुढे आहे. 'अदब' हा शब्द स्वतंत्र मानून त्याच साच्यात घातला, तर आरंभीचा 'अ' आणि मुळातला हम्झा एकत्र येऊन पुन्हा 'आदाब' हेच रूप मिळते. दोन भिन्न वाटा एकाच दारात येऊन पोचतात. मग 'आदाब' हे 'दअब'चे अनेकवचन आहे याचा जेव्हा लोकांना विसर पडला, तेव्हा त्यांनी उलट वाटेने जाऊन त्याचे एकवचन 'अदब' असे बसवले. थोडक्यात, येथे मुलाने बापाला जन्म दिला. अनेकवचन आधीचे आणि एकवचन त्याच्यापासून झालेले.

मराठी वाचकाला हे विलक्षण वाटण्याचे कारण नाही. अरबी अनेकवचनांशी आपणही असाच व्यवहार केला आहे. 'अहवाल' हे 'हाल'चे अनेकवचन. आपण मात्र एक अहवाल लिहितो, आणि 'हाल' हा शब्द निराळा काढून तो सोसण्यासाठी ठेवतो. 'औलाद' हे 'वलद' म्हणजे पुत्र याचे अनेकवचन. 'उमराव' हे अमीराचे. 'नवाब' हे 'नायब' याच्या अनेकवचनावरून आदरार्थी आलेले. आपण या साऱ्यांना एकवचनी केले आणि आपल्या रीतीने त्यांचे अनेकवचन पुन्हा केले. भाषा बोलणाऱ्या माणसाला शब्दाची वंशावळ ठाऊक नसते. त्याच्या हाती आलेले रूप त्याच्या परिचयाच्या साच्यात बसते की नाही, एवढेच तो पाहतो. 'आदाब' साच्यात बसत होते. एकवचनाची जागा रिकामी दिसली, ती भरली गेली.

या दोन उपपत्तींपैकी कोणती खरी, याचा निर्णायक पुरावा नाही. मेजवानीवाल्या अर्थाच्या बाजूने तरफाची कविता उभी आहे. परंतु तिच्यातील 'आदिब' सद्वर्तनाविषयी काही सांगत नाही, आणि मेजवानीपासून शिष्टाचारापर्यंतचा दुवा कोशकारांनी जोडलेला आहे. 'दअब'च्या बाजूने अर्थाचे बळ अधिक आहे, कारण आरंभीच्या वापरात अदब म्हणजे वाडवडिलांकडून आलेली अनुकरणीय रीत असाच अर्थ आढळतो. या दृष्टीने ती 'सुन्ना' या शब्दाची, म्हणजे मळलेल्या वाटेची, सख्खी शेजारीण ठरते. तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. व्युत्पत्ती चुकीची असली तरी ती लोकांच्या मनात रुजली, की शब्दाच्या अर्थाला आकार देते. अरबी लेखकांनी अदब आणि मेजवानी यांचे नाते खरे मानले आणि त्यानुसार लिहिले. कुराण ही ईश्वराने मांडलेली मेजवानी आहे, अशा आशयाचे वचन परंपरेत सांगितले जाते. त्यातही हाच 'मअदुबा' शब्द आहे.

इस्लामच्या पहिल्या शतकांत अदबीचा अर्थ मुख्यतः नैतिक राहिला. नवव्या शतकात हदीसांचा प्रसिद्ध संग्राहक अल्-बुखारी (८१०–८७०) याने आपल्या ग्रंथातील एका प्रकरणाला अदब हेच नाव दिले आणि याच विषयावर 'अल्-अदब अल्-मुफ्रद' हा स्वतंत्र संग्रहही केला. मातापित्यांशी, शेजाऱ्यांशी, दासांशी कसे वागावे, हा त्याचा विषय. त्याच शतकातील कवी अबू तम्माम याच्या 'हमासा' या प्राचीन काव्याच्या संग्रहातही एक भाग अदबीचा आहे. तो काव्यशास्त्राचा नसून आचरणाविषयीच्या कवितांचा आहे.

मग या शब्दात काव्य आणि गद्य शिरले कोठून? ते मुअद्दिबाच्या हातून शिरले. उमय्या आणि अब्बासी खलिफांच्या घरी राजपुत्रांना शिकवण्यासाठी मुअद्दिब ठेवीत. कूफ्याचा वैयाकरण अल्-किसाई हा हारून अल्-रशीदच्या पुत्रांचा, अमीन आणि मामून यांचा, मुअद्दिब होता. राजपुत्राला शुद्ध अरबी यावी, जुनी काव्ये मुखोद्गत असावीत, टोळ्यांचा इतिहास आणि वंशावळी ठाऊक असाव्यात, म्हणजेच त्याला वळण लागले असे समजत. काव्य हे वळणाचे साधन होते. साधनाला साध्याचे नाव मिळणे भाषेत नेहमीचे आहे. तसे ते येथेही मिळाले.

या शिकवण्याला दुसरी बाजू होती. 'तादीब' याचा अर्थ शिक्षण आणि शासन असा दुहेरी आहे. शिक्षक शिकवतो आणि छडीही उगारतो, दोन्ही तादीबच. आजच्या उर्दूतही 'तादीबी कारवाई' म्हणजे शिस्तभंगाची कारवाई होय. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत 'अदाबू' म्हणजे सुरीतपणा, आणि कोणाला 'अदाबू घालणे' म्हणजे अद्दल घडवणे. आपल्याला याचे नवल वाटू नये. मराठीत शिक्षण आणि शिक्षा एकाच धातूची लेकरे आहेत. शास् धातूपासून शिष्य, शिष्ट, शास्त्र आणि शासन असे सारे निघाले. दोन परस्परांशी असंबद्ध भाषाकुलांनी हाच अनुभव शब्दांत साठवला आहे : सुसंस्कृत करणे आणि धाक घालणे यांच्यामधली रेषा फार पातळ असते.

अदबीला ग्रंथाचे रूप देणाऱ्या पहिल्या लेखकांत इब्न अल्-मुकफ्फा याचे नाव अग्रभागी येते. हा मूळचा इराणी, अरबी गद्याचा आद्य शिल्पकार, इ.स. ७५६च्या सुमारास त्याला ठार मारण्यात आले. राजा आणि मित्र यांच्याशी कसे वागावे यावरचा त्याचा 'अल्-अदब अल्-कबीर' प्रसिद्ध आहे. पण त्याचे सर्वात दूरवर गेलेले पुस्तक म्हणजे 'कलीला व दिम्ना'. हे पंचतंत्राच्या पहलवी भाषांतराचे अरबी रूपांतर होय. ते पहलवी भाषांतर सहाव्या शतकात खुस्रो अनुशीरवानच्या काळी बुर्झोय या वैद्याने केले होते. कलीला आणि दिम्ना म्हणजे आपले करटक आणि दमनक. पंचतंत्राची चौकट आठवली तर या ग्रंथाची निवड किती नेमकी होती हे कळते. अभ्यासाचा कंटाळा असलेल्या तीन राजपुत्रांना विष्णुशर्मा गोष्टींच्या द्वारे सहा महिन्यांत शहाणे करतो. मुअद्दिबाचे काम याहून निराळे नव्हते. अरबी अदबीच्या पायात एक दगड भारतीय नीतिकथेचा आहे, ही गोष्ट या शब्दाच्या इतिहासात विसरून चालणार नाही.

नवव्या शतकात बसऱ्याच्या अल्-जाहिझने अदबीला कुतूहलाची आणि विनोदाची जोड दिली. प्राण्यांपासून कृपणांपर्यंत कोणताही विषय त्याला वर्ज्य नव्हता. त्याच्या पुढच्या पिढीतील इब्न कुतैबा (८२८–८८९) याने दोन महत्त्वाचे ग्रंथ लिहिले. 'अदब अल्-कातिब' हा कारकुनासाठी, म्हणजे राजदफ्तरात लिहिणाऱ्या कातिबासाठी आहे : कोणता शब्द कोठे वापरावा, कसा लिहावा, कोणती चूक टाळावी. 'उयून अल्-अखबार' हा दहा भागांचा संग्रह राजसत्तेपासून सुरू होतो आणि युद्ध, ज्ञान, वैराग्य, मैत्री यांतून जात अन्न आणि स्त्रिया या विषयांवर संपतो. प्रस्तावनेत ग्रंथकाराने आपल्या पुस्तकाला नाना रुचींच्या माणसांसाठी नाना पदार्थ मांडलेल्या जेवणाच्या ताटाची उपमा दिली आहे. कोशकारांची मेजवानी अशी ग्रंथात उतरली.

तथापि ही मेजवानी कोणाची? येथे तरफाचा यजमान आठवतो. दफ्तरातील कातिब, दरबारातील सोबती, राजपुत्राचा शिक्षक यांच्यासाठी लिहिलेली अदब ही निवडकांची होती. ती अंगी असलेला आणि नसलेला असा भेद तिने निर्माण केला. कातिबांपैकी अनेक जन्माने अरब नव्हते. त्यांना या विद्येने दरबारात स्थान मिळवून दिले, म्हणून ती एका अर्थी खुली होती. परंतु दाराशी भाषेचा कडक पहारा होता. जफला आणि नकरा यांचा झगडा अदबीच्या पोटात तेव्हापासून चालू आहे.

याच काळात प्रत्येक व्यवसायाची स्वतंत्र अदब लिहिली जाऊ लागली : न्यायाधीशाची, शिष्याची, वादविवाद करणाऱ्याची. सुफी पंथातही गुरुशिष्यांच्या आचाराला हे नाव मिळाले. बाराव्या शतकात अबू अल्-नजीब सुहरावर्दी याने 'आदाब अल्-मुरीदीन' हा साधकांसाठी ग्रंथ रचला. पुढे गुलबर्ग्याला स्थायिक झालेले आणि १४२२ साली दिवंगत झालेले ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांनी त्यावर फार्सीत लेखन केले. दख्खनच्या भूमीवर हा शब्द केवळ दरबारातून आला नाही. तो खानकाहींतूनही आला.

चौदाव्या शतकात इब्न खल्दून याने १३७७ साली आपली 'मुकद्दिमा' लिहिली तेव्हा अदबीचा अर्थ बराच स्थिर झाला होता. तो म्हणतो त्याचा आशय असा की, या विद्येला स्वतःचा असा विषय नाही. तिचे फळ पाहावे, आणि ते फळ म्हणजे पद्य व गद्य या दोन्ही कलांत अरबांच्या रीतीने मिळवलेले प्रावीण्य. आपल्या गुरुजनांनी या विद्येचे चार आधारग्रंथ सांगितले, त्यांत इब्न कुतैबाचा 'अदब अल्-कातिब' आणि अल्-जाहिझचा 'अल्-बयान व-ल्-तब्यीन' होते, असे तो नोंदवतो. विषय नसलेली विद्या, ही कल्पना आजच्या वाचकाला चकित करील. परंतु ज्या विद्येचा हेतू माणूस घडवणे हा आहे, तिला जगातला कोणता विषय परका असणार?

भारतात हा शब्द फार्सीच्या हाताला धरून आला. त्याची खूण त्याच्या रूपांवर आहे. हम्झा गळाला, आणि अरबी शब्दाला फार्सी उपसर्ग व प्रत्यय लागले : 'बे' आणि 'ई' यांच्यामध्ये अरबी 'अदब' बसवून 'बेअदबी' झाली. 'आदाब' हे अनेकवचन अभिवादनाचा शब्द झाले. उत्तर हिंदुस्थानात आणि हैदराबादेत 'आदाब अर्ज' म्हणजे माझे सारे शिष्टाचार आपल्यापुढे सादर, असा त्याचा भाव. औरंगजेबाच्या, विशेषतः तो दख्खनचा सुभेदार असतानाच्या, पत्रांच्या संग्रहाला 'आदाब-इ-आलमगीरी' असे नाव आहे.

मराठीने हा शब्द घेताना त्याचे लिंग बदलले. अरबीत आणि उर्दूत अदब पुल्लिंगी आहे. मराठीत 'मदत'चे 'मदतीने' तसे 'अदब'चे 'अदबीने' होते, म्हणजे आपण तिला स्त्रीलिंगी केले. शिवकालात 'राजव्यवहारकोशा'च्या द्वारे दरबारी फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा मोठा प्रयत्न झाला. तरीही तपशील, अहवाल, तारीख यांच्याप्रमाणे अदब मराठीत राहिली. माधवराव पटवर्धनांचा 'फार्सी-मराठी कोश' १९२५ साली प्रसिद्ध झाला. या शब्दांचे मूळ शोधणाऱ्या मराठी अभ्यासकाला तो आजही उपयोगी पडतो. मात्र मराठीने या शब्दाचा आचाराचा अर्थ घेतला, ग्रंथांचा घेतला नाही. ग्रंथांसाठी तिच्यापाशी काव्य, वाङ्मय आणि साहित्य हे शब्द होते.

एकोणिसाव्या शतकात या शब्दाच्या इतिहासाला मोठे वळण मिळाले. युरोपीय भाषांत ज्याला ललित ग्रंथसंभार म्हणून स्वतंत्र नाव होते आणि ज्याचा कालक्रमाने इतिहास लिहिला जात होता, त्याला अरबीत कोणता शब्द द्यावा? निवड अदबीवर पडली. आरंभी पुष्कळदा तिच्या अनेकवचनावर. जुर्जी झैदान याचा अरबी साहित्याचा इतिहास १९११ ते १९१४ या काळात कैरोत प्रसिद्ध झाला. त्याच्या नावात 'आदाब' आहे. याच सुमारास, १९१०-११ साली, नाल्लीनो यांनी कैरोच्या नव्या विद्यापीठात अरबी साहित्येतिहासावर अरबीतून व्याख्याने दिली. तरुण ताहा हुसैन त्यांचे विद्यार्थी होते. ती व्याख्याने १९५४ साली ग्रंथरूपाने निघाली तेव्हा त्यांना प्रस्तावना ताहा हुसैन यांचीच होती. तुर्कीत 'एदेबियात' आणि फार्सीत 'अदबियात' हे शब्द रूढ झाले. तुर्कीत मात्र जुना अर्थ नकारात शिल्लक राहिला : 'एदेपसिझ' म्हणजे निर्लज्ज, उद्धट, त्याचा पुस्तकांशी संबंध नाही.

आपल्या 'साहित्य' या शब्दाचेही जवळजवळ हेच झाले. संस्कृत काव्यशास्त्रात शब्द आणि अर्थ यांचे सहितत्व, म्हणजे एकत्र असणे, हा त्याचा गाभा. चौदाव्या शतकातील विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त साहित्य म्हणजे काव्य आणि त्याचे शास्त्र. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने मराठी लेखक एकत्र आले, तेव्हा ती सभा ग्रंथकारांची म्हटली गेली. 'साहित्य' हे नाव संमेलनाला पुढे लाभले. आणि मराठीत या शब्दाने आपला घरगुती अर्थही सोडलेला नाही. स्वयंपाकाचे साहित्य, पूजेचे साहित्य असे आपण आजही म्हणतो. अरबी शब्दाच्या पोटात मेजवानीचे आमंत्रण असावे आणि मराठी शब्दाच्या पोटात त्या मेजवानीची सामग्री असावी, हे सादृश्य व्युत्पत्तीचे नव्हे. परंतु दोन संस्कृतींना या व्यवहारात माणसे एकत्र आणण्याची गोष्ट दिसली, एवढे त्यावरून म्हणता येईल.

नव्या, आकुंचित अर्थाची कसोटी भारतात उर्दूत लागली. लाहोरहून १९३५ साली 'अदब-ए-लतीफ' हे नियतकालिक निघाले. नावाचा अर्थ ललित साहित्य. त्याच वर्षी अख्तर हुसैन रायपुरी यांचा अदब आणि जीवन यांच्या संबंधावरील निबंध प्रसिद्ध झाला, आणि एप्रिल १९३६मध्ये लखनौला प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली प्रगतिशील लेखकांची परिषद भरली. 'अदब बराए अदब' की 'अदब बराए जिंदगी', अदबीसाठी अदब की जगण्यासाठी, असा वाद पेटला. मराठीत त्याच काळात फडके आणि खांडेकर यांच्या नावांशी जोडलेला कला आणि जीवन यांचा वाद चालू होता. परंतु उर्दूतील घोषणांत एक विसंगती दडली होती, ती मराठीत नव्हती. इब्न कुतैबाला 'जगण्यासाठी अदब' ही घोषणा द्विरुक्ती वाटली असती. अदब ही जगण्याचीच रीत होती. शब्दातून आचार वजा झाला, तेव्हाच साहित्य आणि जीवन यांना जोडण्याची गरज उत्पन्न झाली.

उलट बाजूने, शब्दातून वजा केलेला आचार पुरता गेलाही नव्हता. १९४२ साली 'अदब-ए-लतीफ'मध्ये इस्मत चुगताई यांची 'लिहाफ' ही कथा प्रसिद्ध झाली आणि लेखिकेला अश्लीलतेच्या आरोपाखाली लाहोरच्या न्यायालयात उभे राहावे लागले. अखेर त्या निर्दोष सुटल्या. सआदत हसन मंटो यांनाही असे खटले सोसावे लागले. एका अर्थाने जी अदब होती, तीच दुसऱ्या अर्थाने बेअदबी ठरवली गेली. तादीबचा जुना दुहेरी अर्थ न्यायालयाच्या पायरीवर पुन्हा जागा झाला. आज ज्यांना आपण उर्दूचे श्रेष्ठ अदीब मानतो, त्यांतील काहींनी घरंदाज शिष्टाचार ज्यांच्याविषयी मौन पाळतो अशा माणसांना आपल्या पंगतीला बसवले, हे त्यांचे मोठे काम आहे.

हा शब्द इतरत्रही जिवंत आहे. इंडोनेशियाच्या १९४५च्या पंचशीलातील दुसरे तत्त्व न्याय्य आणि सुसंस्कृत मानवतेचे आहे. त्यातील 'सुसंस्कृत' यासाठी 'बरादाब' हा अदबीपासून झालेला शब्द आहे, आणि त्याच भाषेत 'प्रादाबान' म्हणजे सभ्यता. पंजाबात धर्मग्रंथाच्या अवमानाला 'बेअदबी' म्हणतात. २०१५ साली फरीदकोट जिल्ह्यातील बरगाडी येथे गुरू ग्रंथ साहिबाची पाने फाडली गेली, त्यानंतर तो शब्द देशभरच्या वृत्तपत्रांतून वाचनात आला. कोठे माणुसकीचे लक्षण, कोठे ग्रंथाविषयीचा आदर, कोठे शिक्षा, कोठे अभिवादन, कोठे ललित साहित्य : तीन वर्णांच्या एका मुळाने एवढा संसार मांडला आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या इतिहासातून एक गोष्ट घ्यावी. साहित्य म्हणजे सुंदर लेखन, ही व्याख्या अरबीत शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे फारशी जात नाही. आणि वाचनाने माणसाला वळण लागते ही समजूत हजार वर्षांहून जुनी आहे. त्या समजुतीत धाकही होता आणि अन्नही होते. वळण लावण्याच्या नावाखाली तोंडे बंद करता येतात, हे लाहोरच्या खटल्याने दाखवले. पण वळणाचा विचारच टाकून दिला तर वाचायचे कशासाठी, हा प्रश्न उरतो. 'दअब' खरा की 'मअदुबा' खरी, हे कोशकारांनी पुढेही तपासत राहावे. जो लिहितो त्याला मात्र आपल्यापुरते ठरवावे लागते, की आपले आमंत्रण नावे वाचून निवडकांना द्यायचे, की हिवाळ्यातल्या त्या यजमानाप्रमाणे सरसकट.